वानप्रस्थ, पंगुगृह आणि वन बीएचके

"आपल्याकडे पूर्वी असलं काही नव्हतं."

हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलंय. सांगलीची आत्या म्हणाली, नाशिकचे काका म्हणाले, न्यू जर्सीहून दादा म्हणाला (तो तिथे पंचवीस वर्षं आहे, म्हणजे 'आपल्याकडे' म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर नक्की काय येतं देव जाणे!). बहुतेक नातेवाईक मंडळी हे लिखाण वाचतात, त्यामुळे विषय लपवून काही उपयोग नाही. आई-बाबांनी सांगलीचं घर सोडून ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत राहायला जावं का, यावर आमच्याकडे खल चाललाय. त्यात हे वाक्य म्हणजे हुकमाचा एक्का. कुणी टाकला की डाव संपतो.

मला सवय अशी की कुणी 'पूर्वी' म्हणालं की मी विचारते, पूर्वी म्हणजे कधी? आणि कुणाकडे? म्हणून जरा वाचत बसले. जे सापडलं ते इथे मांडतेय. लांबण लागेल, आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बसा.

मनूपासून सुरुवात

सगळ्यात जुना पुरावा आपल्याच शास्त्रांत आहे. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे चार आश्रम शाळेत पाठ केलेले असतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ कशी ओळखायची तेही दिलंय: अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालं की गृहस्थाने वनाची वाट धरावी. बायकोला मुलांच्या हवाली करावं किंवा सोबत न्यावं.

किती माणसं खरोखर जंगलात गेली असतील? फार थोडी, असं मला वाटतं. राजे, ऋषी आणि पुराणातली पात्रं सोडली तर सामान्य कुणबी किंवा कुंभार म्हातारपणी अरण्यात कुटी बांधून राहिला असेल, हे पटत नाही. त्याला म्हातारपणीही शेतावर जावंच लागत असणार. पण आदर्श म्हणून का होईना, ज्या समाजाने 'नातवंड झालं की घर सोडा' असं लिहून ठेवलं, त्याच समाजाला 'म्हाताऱ्यांनी घर सोडणं ही पाश्चात्त्यांची थेरं' वाटावीत, याची गंमत वाटते.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. घर सोडायचं ते अपमान झाला म्हणून नव्हे, मुलांनी काढलं म्हणूनही नव्हे. आपलं काम झालं म्हणून. किल्ल्या स्वतः काढून द्यायच्या. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

क्षेत्रवास

वन राहिलं बाजूला, पण क्षेत्राच्या ठिकाणी जाऊन राहणं मात्र खरोखर चालायचं. काशीवास तर प्रसिद्धच. काशीत मरण आलं की मोक्ष, या श्रद्धेने देशभरातून म्हातारी माणसं तिथे जाऊन राहत. त्यासाठीच चालवलेलं 'काशी लाभ मुक्ति भवन' १९५८ सालापासून आहे. तिथे अखेरच्या दिवसांतल्या माणसाला घेऊन घरची मंडळी येतात आणि साधारण पंधरवडाभर राहू शकतात. म्हणजे म्हातारपण काढायला नव्हे, ते संपवायला जायची जागा.

ज्यांना काशी परवडत नसे त्यांच्यासाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी. आमच्या भागात नरसोबाची वाडी. आमच्या आजीची एक आत्या होती. लहानपणीच विधवा झालेली, केस काढलेली, आलवणातली. भावाच्या घरी सगळ्यांची बाळंतपणं केली, पापड-सांडगे घातले, आणि हातपाय थकायला लागले तशी वाडीला जाऊन राहिली. एक खोली, एक चूल, कृष्णेचं स्नान, दत्ताचं दर्शन. घरून वर्षाचे तांदूळ आणि डाळ जायची. पावसाळ्यात पाणी देवळात शिरलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, तशी ही मंडळीही आपली बोचकी उचलून वर सरकायची म्हणे. तिथेच ती गेली.

ही गोष्ट आमच्याकडे फार भक्तिभावाने सांगितली जाते. 'केवढं पुण्य!' असं म्हणतात. मी आजीला एकदा विचारलं होतं, की तिला जायचं होतं का? आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला घरात खोली नव्हती ना गं."

एवढंच. तीन मजली वाडा, पण तिला खोली नव्हती. वाडीला तिला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. आता याला पुण्य म्हणायचं, हकालपट्टी म्हणायची की सुटका, मला ठरवता येत नाही. बहुधा तिन्ही. काशी आणि वृंदावनातल्या विधवांच्या कहाण्या आपण ऐकतो, त्यातही हेच तिन्ही मिसळलेलं असतं. पण 'पूर्वी असलं काही नव्हतं' हे काही खरं नव्हे. होतं. त्याला देवाचं नाव होतं, म्हणून बोचत नव्हतं.

पंगुगृह

आता दुसरा धागा. ज्यांना मुलंच नाहीत, घर नाही, शेती नाही, अशांचं काय?

पुण्यात नवी पेठेत 'निवारा' आहे, बऱ्याच पुणेकरांना ठाऊक असेल. तिथल्या सभागृहात कार्यक्रमही होतात. त्या संस्थेचं जुनं नाव 'डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह'. डेव्हिड ससून म्हणजे बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी, ज्यांच्या घराण्याच्या नावाचं पुण्यात रुग्णालय आहे आणि मुंबईत वाचनालय. ससून १८६४ साली पुण्यातच वारले. हे पंगुगृह त्याच दशकातलं. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं पुण्याच्या ऐन वस्तीत निराधार वृद्धांसाठी घर आहे, आणि आपण म्हणतो की ही अलीकडची फॅशन!

शब्द मात्र बघा: अनाथ. पंगू. त्या काळच्या इंग्रजीचं हे थेट मराठी रूप. इंग्रजांकडे गरिबांसाठीच्या कायद्याची जुनी परंपरा होती. १८३४ च्या कायद्यानंतर तिथे 'वर्कहाऊस' नावाची जी घरं फोफावली, ती मुद्दाम इतकी नकोशी ठेवली होती की माणसाने अगदी नाइलाज झाल्याशिवाय पायरी चढू नये. आत गेल्यावर नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात. आयुष्यभर एकत्र संसार केलेली म्हातारा-म्हातारीसुद्धा वेगळी! साठीच्या पुढच्या जोडप्यांना एका खोलीत राहू देण्याची सोय कायद्यात यायला १८४७ साल उजाडावं लागलं.

याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळंच काही घडत होतं. १८३९ च्या हिवाळ्यात झान जुगां नावाच्या एका गरीब बाईने एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला आपल्या घरी आणलं आणि स्वतःचा पलंग तिला दिला. मग दुसरी आणली, तिसरी आणली. त्यांना पोसायला ती टोपली घेऊन दारोदार फिरायची. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा जोगिणींचा पंथ उभा राहिला. १८८२ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वृद्धांसाठी घर सुरू केलं. झान जुगांना २००९ साली संतपद मिळालं. पण मला त्यांच्या संतपणापेक्षा तो पलंग लक्षात राहतो. जागा रिकामी होती म्हणून दिली नव्हती, होती तीच दिली.

तर 'वृद्धाश्रम' म्हटल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जी सावली येते ना, ती या पंगुगृहाची आहे असं मला वाटतं. आश्रम हा शब्द मुळात ऋषींचा. पण त्याच्या आधी 'अनाथ' लागला, 'विधवा' लागला, 'वृद्ध' लागला, आणि त्याचा अर्थच पालटला. आश्रम म्हणजे ज्याला कुणी नाही त्याने जायची जागा. दोन मुलं असताना तिथे जायचं म्हणजे चारचौघांत जाहीर करायचं, की आम्हाला मुलं आहेत पण नसल्यासारखीच.

मग घरात कोण सांभाळत होतं?

आता मुख्य आक्षेपाकडे. बहुसंख्य म्हातारी माणसं घरातच असत, हे खरंच आहे. नाकारत नाही. पण त्याचं गणित मांडून बघू.

१९४१ ते ५१ या दशकात भारतात जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. (याचा अर्थ तेव्हा सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत होते असा नव्हे. लहान मुलं फार दगावत, त्याने सरासरी खाली येते. जो साठीला पोचला तो पुढेही जगायचाच.) पण साठीला पोचणारेच कमी. १९६१ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसं अडीच कोटींच्या आसपास होती. २०११ मध्ये ती दहा कोटींच्या वर गेली. लोकसंख्या सुमारे पावणेतीनपट झाली, म्हातारी माणसं चौपटीहून जास्त.

त्यात एका म्हाताऱ्यामागे चार-सहा मुलं, तितक्याच सुना. आता दोन म्हाताऱ्यांमागे एक मुलगा परदेशात आणि एक मुलगी पुण्यात. (ओळखलंत ना?)

आणि मुलं तरी सगळी घरात होती का? कोकणाला विचारा. आपल्या टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतून रत्नागिरीच्या खेड्यांत कित्येक घरं तिच्यावर जगली. मुलगा परळच्या खोलीत दहा जणांत झोपतोय, गावी म्हातारा-म्हातारी आणि सून. ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली, पण म्हाताऱ्या आईबापांना गावी ठेवून पैसे पाठवणं आपण काही अमेरिकेपासून शिकलो नाही. मुंबईपासून शिकलो.

या सगळ्यात प्रत्यक्ष उठबस कुणी केली? सुनेने. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं करणारी, रात्री चार वेळा उठणारी, आणि सकाळी सहाला पुन्हा चुलीपाशी बसणारी. 'घर सांभाळत होतं' असं आपण म्हणतो तेव्हा घर म्हणजे एक बाई असते. तिला पगार नव्हता, पर्याय नव्हता, आणि तिची कुठे नोंदही नाही. आमच्या आईने तिच्या सासूचं साडेतीन वर्षं केलं. त्या काळातला तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. अल्बममध्ये आजी आहे, बाबा आहेत, आम्ही आहोत. आई चहा आणायला आत गेलेली असणार.

नाटक आणि कायदा

स्वातंत्र्यानंतर या विषयाची अस्वस्थता आधी कुठे दिसली असेल तर मराठी रंगभूमीवर. १९७० साली 'नटसम्राट' आलं. शिरवाडकरांच्या आप्पा बेलवलकरांनी सगळं मुलांना वाटून टाकलं आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. त्याच दशकात जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आलं, ज्यात मुलगा अमेरिकेत आणि घरात फक्त दोन म्हातारी माणसं. आमच्या बाबांनी दोन्ही नाटकं पाहिली आहेत. 'नटसम्राट'चा परिणाम म्हणजे घराच्या कागदपत्रांची किल्ली ते आजही जानव्याला बांधतात!

कायदा मात्र हळूहळू आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्याने वृद्ध, असमर्थ आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १२५ व्या कलमाने आईवडिलांना पोटगी मागता येऊ लागली. आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आपल्या महाराष्ट्रातलाच खटला गेला: वडिलांनी लग्न झालेल्या, डॉक्टर असलेल्या मुलीकडे पोटगी मागितली होती. कायद्यात 'त्याचे वडील' असा पुल्लिंगी शब्द आहे, तेव्हा मुलीला तो लागू नाही, असा तिचा युक्तिवाद. न्यायालयाने सांगितलं, लागू आहे. लग्न झालेली मुलगीही जबाबदार.

हा निकाल वाचताना मला हसू आलं आणि रडूही. कारण आमच्याकडे उलटा पेच आहे. मी हात जोडून म्हणतेय की पुण्याला माझ्याकडे या, आणि बाबा म्हणतात, "लेकीच्या दारात राहायचं नाही." जावई लाख चांगला आहे हो. पण बाबा आमच्याकडे चार दिवसांच्या वर राहिले की भाजी स्वतः आणायला लागतात, पाचव्या दिवशी दुधाचे पैसे द्यायला बघतात, आणि सहाव्या दिवशी स्वारगेट. न्यायालयाने मला १९८७ सालीच मान्यता दिली, बाबांनी अजून दिलेली नाही.

१९९५ नंतर महाराष्ट्रात युती सरकारच्या काळात 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. मग २००७ साली केंद्राचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा. प्रांतांच्या पातळीवर न्यायाधिकरण, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता, प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचं एक तरी घर असावं अशी तरतूद. त्यातलं २३ वं कलम तर जणू आप्पा बेलवलकरांसाठीच: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. आप्पांना सदतीस वर्षं उशीर झाला.

आणि मग हे नवीन प्रकरण

आता ज्याचा आम्ही विचार करतोय ती गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळ्या कुळातली आहे. तिचा पूर्वज पंगुगृह नव्हे. तिचा पूर्वज अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात आहे. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब नावाच्या बिल्डरने 'सन सिटी' नावाची फक्त निवृत्तांसाठीची वसाहत लोकांना बघायला खुली केली. आधी पाच नमुना घरं, गोल्फचं मैदान आणि दुकानं बांधून ठेवली. पहिल्या शनिवार-रविवारी लाखभर माणसं आली म्हणे. पेन्शन, मोटार आणि तब्येत बरी असलेली म्हातारी माणसं पहिल्यांदाच कुणाला गिऱ्हाईक म्हणून दिसली.

'गिऱ्हाईक' हा शब्द ऐकायला बरा वाटत नाही. पण जरा विचार करा. पंगुगृहात माणूस दयेवर राहतो. गिऱ्हाईक तक्रार करू शकतं.

आपल्याकडे हे यायला चाळीस वर्षं लागली. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री' वसाहती या शतकाच्या सुरुवातीपासून उभ्या राहिल्या, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत झाली, दक्षिणेत कोइंबतूर तर निवृत्तांच्या वसाहतींचं मोठं केंद्रच झालं. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा घरांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांत काय असलंच पाहिजे ते ठरवलं: व्हीलचेअर जाईल अशी दारं, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरश्या वगैरे. नुसतं जाहिरातीत पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं छापून भागणार नाही, असा अर्थ.

आमच्या घरची गोष्ट

सांगलीत आमचं घर गावभागात आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर बाबांनी 'बघून घेतला' होता, त्यामुळे या वेळीही ते हलेनात. बाबा पाटबंधारे खात्यातून २००२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, ते पाणी सांगलीला कधी पोचणार, याचा हिशेब त्यांच्या बोटांवर. हिशेब बरोबर होता. जिने चढणारे गुडघे त्या हिशेबात धरायचे राहिले. तळमजला पाण्यात गेल्यावर शेजारच्या पोरांनी दोघांना उचलून त्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. दीड दिवस फोन बंद. मी पुण्यात टीव्हीसमोर, दादा न्यू जर्सीत रात्री जागा. ती पोरं होती म्हणून निभावलं. त्यातला एक आता बंगळूरला आहे आणि दुसरा दुबईला.

म्हणून गेल्या महिन्यात दोघांना घेऊन पुण्याजवळची एक वसाहत बघायला गेलो. नाव सांगत नाही, जाहिरात नको आणि बदनामीही नको.

बाबांनी येताना वहीत प्रश्न लिहून आणले होते. अनामत किती, परत किती, किती दिवसांत? घर मालकीचं की भाडेपट्ट्याने? देखभालीचा खर्च दर वर्षी किती वाढतो, आणि मागच्या पाच वर्षांत खरोखर किती वाढला? डॉक्टर रात्री आवारात असतो की फोनवर? आमच्यातला एक गेला तर दुसऱ्याला एकटं राहता येतं का? विस्मरणाचा आजार झाला तर ठेवता की घरी पाठवता? व्यवस्थापकबाई जरा गडबडल्या, पण उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे "तेव्हा दुसरी सोय बघावी लागते" असं सांगितलं. बाबांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. (तुमच्यापैकी कुणी अशी जागा बघायला जाणार असाल तर ही यादी घेऊन जा. मी एवढी चांगली काढली नसती.)

मी पूर्ण वेळ बाबांकडेच बघत होते. ते हो म्हणतात की नाही, यावर सगळं अडलंय असं आम्ही भावंडं धरून चाललो होतो. आई भोजनगृहापाशी उभी होती. भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावलेला: सोमवारी भेंडी, मंगळवारी मटकीची उसळ, असा. ती तो तक्ता वाचत होती. पुन्हा वरपासून वाचला.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "जागा वाईट नाही. पण घर ते घर. मी काही अजून इतका थकलेलो नाही."

आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात. मी शहात्तरची आहे. मला कधी करणार निवृत्त?"

गाडीत एकदम शांतता. खंबाटकी घाट येईपर्यंत कुणी बोललं नाही.

मी वाचलेल्या सगळ्या इतिहासात हा प्रश्न कुठे सापडला नाही. मनूने नातवंड झाल्यावर पुरुषाला निवृत्ती दिली, बाईला मुलांच्या हवाली किंवा नवऱ्याच्या सोबत. सरकारने अठ्ठावन्नाला दिली, बाबांना. आजीच्या आत्याला दिली ती हातपाय थकल्यावर, आणि तीही चूल सोबत देऊन. 'घर सोडवत नाही' असं बाबा म्हणतात तेव्हा त्या घरात सकाळी साडेसहाला चहा आपोआप येतो. आई ज्याला घर म्हणते त्यात तो चहा तिला करायचा असतो.

म्हणजे प्रश्न एक नाहीच. दोन माणसं, दोन प्रश्न. बाबांना विचारायचं ते: तुमचा मान राहून, तुमच्या पैशाने, तुमच्या किल्लीने राहता आलं तर याल का? आणि आईला विचारायचं ते आम्ही कुणी विचारलंच नव्हतं, तिने स्वतःच विचारून टाकलं.

सध्या असं ठरलंय: तिथे पाहुण्यांसाठीच्या खोल्या आहेत, त्यातली एक महिनाभरासाठी घ्यायची. भाडं बाबांच्या पेन्शनमधून. दादाने पैसे पाठवतो म्हटलं, बाबांनी नको म्हणून सांगितलं. सांगलीचं घर विकायचं नाही, निदान दोन वर्षं तरी. पावसाळ्याचेच महिने निवडलेत, म्हणजे पुराची काळजी आपसूक मिटते. आणि बाबांना 'पुरापुरता हललो' असं आत्याला सांगता येतं. आत्या, तू वाचते आहेस हे मला माहीत आहे. तू त्यांना तसंच सांगू दे. काही बोलू नकोस.

महिन्यानंतर ते परत सांगलीला जातीलही. गेले तर गेले. तेव्हा मग घरी स्वयंपाकाला बाई, जिन्याला कठडा, खालची खोली वर, हे सगळं बघावं लागेल. त्याचीही यादी बाबा करतीलच.

आईने काल फोनवर एकच गोष्ट विचारली. तिथे भिशी आहे का? मी म्हटलं, विचारून सांगते. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील अशा ठिकाणी राहत असतील तर जरूर लिहा: महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना कसं वाटलं? दोघांचंही वेगवेगळं लिहा बरं का.